पगार इथला, काम कुठलं?

४ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, एलाबेल इथे उभ्या राहत असलेल्या ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्यावर सरकारी पथकांनी धाड घातली आणि ४७५ जणांना ताब्यात घेतलं. त्यांत तीनशेहून अधिक दक्षिण कोरियाचे नागरिक होते. कुशल तंत्रज्ञांना साखळदंड घालून बसमध्ये चढवतानाची दृश्यं जगभर पाहिली गेली, आणि आठवड्याभराने खास विमानाने त्यांना मायदेशी नेण्यात आलं. यांतल्या अनेकांकडे बी-१ हा व्यवसायभेटीचा व्हिसा होता, काहींकडे व्हिसामाफीची ऑनलाइन परवानगी होती. ही माणसं बेकायदा काम करत होती, असं अमेरिकी यंत्रणांचं म्हणणं. ती यंत्रं बसवायला आली होती आणि बी-१ वर तेवढं चालतं, असं वकिलांचं म्हणणं. महिना संपता संपता वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांची बैठक झाली आणि परदेशातून विकत घेतलेली यंत्रं बसवणं, त्यांची देखभाल आणि दुरुस्ती करणं बी-१ वर चालतं, हे अमेरिकेने मान्य केलं. हा नियम नवा नव्हता. कित्येक वर्षं तो पुस्तकात होता. पुण्या-चाकणचे, नाशिकचे सर्व्हिस इंजिनिअर आणि हिंजवडीचे सॉफ्टवेअरवाले याच व्हिसावर अमेरिकेला जातात, आणि त्यांच्यातला सर्वांत पक्का समज असा असतो की पगार भारतातल्या खात्यात जमा होतो आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. हा समज अर्धाच खरा आहे, आणि त्यावर विसंबूनच माणसं अडकतात.

पगार अमेरिकेतून न घेणं ही बी-१ ची अट आहेच, पण ती पहिली पायरी. खरा प्रश्न असा, की जे काम केलं जातं आहे ते मुळात कुठल्या देशातल्या धंद्याचा भाग आहे? हा निकष ठरला तो एका शिंप्याच्या प्रकरणातून. हाँगकाँगच्या एका कपडे शिवणाऱ्या कंपनीचा हीरा नावाचा प्रतिनिधी अमेरिकेत येऊन गिऱ्हाइकांची मापं घ्यायचा, ऑर्डर आणि पैसे हाँगकाँगला पाठवायचा. सूट तिकडे शिवून टपालाने यायचे. छाती, बाही, कंबर मोजणं हे हातांनी केलेलं, धडधडीत कामच होतं. तरीही १९६५ साली इमिग्रेशनच्या अपील मंडळाने आणि पुढच्या वर्षी ॲटर्नी जनरलने ते व्यवसायभेटीत बसतं, असा निर्णय दिला. कारण धंद्याचं मुख्य ठिकाण हाँगकाँग होतं, नफा तिथेच जमा होत होता, आणि मापं घेणं हा तिथल्या शिलाईचाच एक तुकडा होता. आज बी-१ वर जी कामं सर्रास चालतात ती याच न्यायाने: मालाच्या ऑर्डर घेणं, कराराची बोलणी, ग्राहकाशी सल्लामसलत, परिषदेला किंवा प्रदर्शनाला हजेरी, स्वतंत्र संशोधन. या सगळ्याचं फळ बाहेरच्या देशातल्या धंद्याला मिळतं.

याच निकषाची दुसरी बाजू १९८५ साली कॅलिफोर्नियात दिसली. होमस्टेक या खाणकंपनीने सोन्याच्या खनिजावर प्रक्रिया करणारी यंत्रणा पश्चिम जर्मनीतून मागवली, आणि तिच्यातलं विटांचं काम करायला दहा जर्मन कारागीर बी-१ वर आले. स्थानिक गवंड्यांची संघटना न्यायालयात गेली. कारागिरांचा पगार जर्मनीतून येत होता, यंत्रणा जर्मन होती, विक्रीच्या करारात त्यांच्या कामाचा उल्लेखही होता. तरी न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला, कारण वीट रचणं हे त्या जागेवरचं बांधकाम होतं आणि ते करू शकणारे हात तिथे उपलब्ध आहेत का, हे न पाहताच बी-१ दिला गेला होता. त्यानंतर नियमात स्पष्ट लिहिलं गेलं: परदेशी कंपनीने विकलेलं यंत्र बसवायला, दुरुस्त करायला किंवा ते चालवण्याचं प्रशिक्षण द्यायला तिचा माणूस येऊ शकतो; मात्र त्याच्याकडे त्या यंत्राचं खास ज्ञान हवं, विक्रीच्या करारात ही सेवा देण्याचं बंधन नमूद हवं, आणि बांधकाम त्याने स्वतः करायचं नाही, फार तर त्यावर देखरेख करायची. म्हणजे एखाद्या सीएनसी मशीनचं कमिशनिंग करणारा इंजिनिअर नियमात बसतो. त्याच इंजिनिअरने ग्राहकाच्या विनंतीवरून शेजारच्या, दुसऱ्याच कंपनीच्या मशीनची वायरिंग करून दिली, तर त्या तासाभरापुरता तो नियमाबाहेर जातो. त्याचा पगार त्या तासातही भारतातूनच येत असतो.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ही रेषा आणखी धूसर होते, कारण बैठक कुठे संपते आणि कोडिंग कुठे सुरू होतं हे लॅपटॉपकडे पाहून कळत नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली. बी-१ वर आलेल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकाच्या जागेवर प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगची कामं केली आणि निमंत्रणपत्रांत मात्र फक्त बैठका-चर्चा लिहिल्या, असा सरकारचा आरोप होता. पत्रात ‘काम’ या अर्थाचे शब्द टाळावेत अशा सूचना दिल्याचंही त्यात म्हटलं होतं. कंपनीने आरोप नाकारले, गुन्हा कबूल केला नाही. पण तडजोडीची बाजू सोडली तरी आरोपाचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. पगार कुठून आला यावर तो नव्हता. ग्राहकाचं रोजचं काम परदेशातून आलेल्या माणसाकडून करून घेतलं का, आणि ते लपवलं का, यावर होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लादलं गेलं. त्यामुळे छोट्या कामासाठी बी-१ वर माणूस पाठवण्याचा मोह वाढणार हे उघड आहे, आणि म्हणूनच ही रेषा आज अधिक नीट समजून घ्यायला हवी.

यावर जाणकार सांगतील, की एच-१बी च्या पात्रतेचं काम बी-१ वर करण्याची वाटही अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या पुस्तिकेत आहे. वाट आहे, पण ती अरुंद आहे, वकिलातीत उघडपणे मागावी लागते, आणि २०२० साली ती बंद करण्याचा प्रस्तावही आला होता. साध्या व्हिसावर गुपचूप जाऊन नंतर तिचा आधार घेता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नियमच इतका अस्पष्ट, मग शिक्षा तंत्रज्ञाला का? जॉर्जियाच्या प्रकरणात हा आक्षेप मला पूर्ण न्याय्य वाटतो. जे काम नियमात बसतं हे महिनाअखेरीस मान्य करावं लागलं, त्यासाठी महिन्याच्या सुरुवातीला माणसांना बेड्या पडाव्यात ही राज्यकारभाराची नामुष्की आहे. याला पर्यायही आहे. ब्रिटनने भेटीच्या व्हिसावर काय चालेल याची यादीच नियमांना जोडली आहे, आणि ३१ जानेवारी २०२४ पासून भेटीचा मुख्य हेतू वेगळा असेल तर आपल्या परदेशातल्या नोकरीचं काम तिथून करायलाही परवानगी दिली आहे. अमेरिकेत हॉटेलच्या खोलीतून पुण्याच्या ऑफिसचं काम करण्याबद्दल असं स्वच्छ वाक्य नाही. यादी असती तर अधिकाऱ्याच्या मर्जीवर कमी गोष्टी राहिल्या असत्या.

हे सगळं स्थानिकांच्या नोकऱ्या राखण्यासाठीचं कुंपण आहे, जागतिक व्यापाराच्या विरोधात आहे, असंही म्हटलं जातं. कुंपण आहे हे खरं. पण आपणही ते घातलेलं आहे. २००९ साली भारताच्या गृहमंत्रालयाने बिझनेस व्हिसावर येऊन प्रकल्पांवर राबणाऱ्या परदेशी कामगारांना परत जाऊन एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यायला सांगितलं होतं. त्यांत वीजप्रकल्पांवर आलेले चिनी कामगार मोठ्या संख्येने होते. त्या वेळी इथल्या मजुरांचा विचार आपल्याला रास्त वाटला असेल, तर कॅलिफोर्नियाच्या गवंड्यांचाही रास्त मानावा लागतो.

कलावंतांना तर हा नियम अधिकच कडक लागू होतो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांसाठी तिकीट लावून नाटकाचा प्रयोग करायचा तर व्यावसायिक नटाला भेटीचा व्हिसा पुरत नाही, मानधन कुठेही दिलं तरी. त्यासाठी पी-३ सारखा वेगळा व्हिसा असतो. उलट व्याख्यानाला आलेल्या प्राध्यापकाला विद्यापीठाकडून मानधन घेता येतं, मात्र एका संस्थेत नऊ दिवसांहून जास्त नाही आणि सहा महिन्यांत पाचांहून जास्त संस्थांकडून नाही. एकाला पैसे न घेताही बंदी आणि दुसऱ्याला पैसे घेऊनही मुभा, इतकी ही पगाराची कसोटी अपुरी आहे.

आणि चुकीची किंमत कंपनीपेक्षा माणसाला जास्त मोजावी लागते. पासपोर्टवरचा दहा वर्षांचा व्हिसा प्रवेशाची हमी देत नाही. विमानतळावरचा अधिकारी विचारपूस करतो आणि किती दिवस राहायचं ते आय-९४ या नोंदीत ठरवतो. तिथूनच तातडीच्या हकालपट्टीचा आदेश निघाला तर साधारण पाच वर्षं प्रवेश बंद होतो, आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कायमचा. ही नोंद माणसाच्या नावावर राहते. नोकरी बदलली तरी पुसली जात नाही. म्हणून जाणाऱ्याने निमंत्रणपत्र स्वतः वाचावं, त्यात लिहिलेलं आणि आपण तिथे करणार ते एकच आहे का ते पाहावं, आणि ‘विचारलं तर मीटिंग सांग’ असा सल्ला मिळाला तर जायला नकार द्यावा. यंत्रं विकणाऱ्या आपल्या लघुउद्योजकांनी तर हा विचार कोटेशन देतानाच करायला हवा. इन्स्टॉलेशन आणि वॉरंटीतली सेवा आमचाच माणूस देईल, हे कलम विक्रीच्या मूळ करारात असावं लागतं. माल बंदरावर पोहोचल्यावर आणि इंजिनिअरचं तिकीट काढल्यावर घाईने लिहून घेतलेल्या पत्राने ती अट भागत नाही.