प्रकाशे येथील प्राचीन मृद्भांडी
प्रकाशे हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील, तापी व गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेले गाव आहे. येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाण काळापासून पुढच्या वसाहतींचे चार कालखंड आढळले.

ओळख
माळवा मृद्भांड्यांवर पिवळसर किंवा नारिंगी लेप व त्यावर काळी-तपकिरी नक्षी असते. जोर्वे मृद्भांडी लाल व पक्की भाजलेली असून टिचकी मारल्यास खणखणीत वाजतात. चकाकीदार तांबडी मृद्भांडी घोटून गुळगुळीत केलेली असतात. उत्तरेकडील काळी झिलईदार मृद्भांडी लोहयुगातील कालखंडात मिळाली.

संग्रह व कायदा
रंगरूपावरून खापराचा प्रकार कळतो. त्याचे वय व संदर्भ मात्र ते ज्या थरात सापडले त्यावरून ठरतात. थरातून उपसून विकलेल्या खापराचा हा पुरावा कायमचा नष्ट होतो. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करण्यास, तसेच खासगी व्यक्तीने ती निर्यात करण्यास मनाई आहे. म्हणून नवोदित संग्राहकाने खरेदीपूर्वी विक्रेत्याचा परवाना आणि वस्तूचे मूळ प्राप्तिस्थान तपासणे आवश्यक ठरते.