आनंदाचा उलटा ठेका

उतारवयात माणसाने नवे गाणे ऐकू नये असा काही शास्त्राधार नाही. पण मी आपला तसा नेम करून टाकला होता. बालगंधर्व, हिराबाई आणि सुधीर फडके एवढ्या मंडळींवर माझे उत्तम भागत होते. पाश्चात्त्य संगीत म्हणजे शेजारच्या गॅलरीतून येणारा गोंगाट, अशीच माझी समजूत. ती समजूत एका मोटारीत मोडली, त्याची ही हकिगत.

२०१८ च्या डिसेंबरात मी अमेरिकेत, बॉस्टन शहराजवळ, चिरंजीवांकडे मुक्कामाला होतो. आमची ही जाऊन नऊ महिने झाले होते. घरात एकटे राहू नका, हा मुलाचा आणि सूनबाईंचा आग्रह. एके सकाळी बाप-लेक वाणसामान आणायला निघालो. बाहेर बर्फ पडून सगळे पांढरेफटक झालेले. मुलाने मोटारीतले बटण दाबले मात्र, आणि एकदम वरात निघाल्यासारखे झाले! ट्रॉम्बोन काय, सॅक्सोफोन काय, ढोलांचा दणदणाट काय! आणि या सगळ्यावर गाणारा जो कोणी होता, त्याचा आवाज दिवसभर भाजी विकून घसा बसलेल्या माणसासारखा.

"अरे, बंद कर ते!" मी म्हणालो. "वर्ष तरी होऊ दे. लगेच कसली वाजंत्री?"

त्याने मुकाट्याने आवाज कमी केला. मग समोर रस्त्याकडे पाहत म्हणाला, "बाबा, आई आजारी होती तेव्हा मी रोज हेच ऐकायचो. तुमचा फोन ठेवला की लगेच."

यावर मला बोलता येईना. जे ऐकून मुलाने ते दिवस काढले, ते काय आहे हे बापाला ठाऊक असू नये, याची मनात लाज वाटली. त्या दिवसापासून मी शिकाऊ उमेदवार झालो.

या संगीताचे नाव 'स्का पंक'. त्यातला 'स्का' म्हणजे काय, ते वाचकांना घरबसल्या कळेल. तोंडाने 'एक आणि, दोन आणि, तीन आणि, चार आणि' असे मोजा. भजनात आपली टाळी आकड्यावर पडते. आता ती 'आणि'वर वाजवून पाहा. पहिल्यांदा चुकाल, हसाल. पण एकदा जमले की हात आपोआप वर उचलले जातात. स्काची गिटार नेमकी तेथे, त्या 'आणि'वर, तुटक तुटक वाजते. सारी गंमत या उलट्या ठेक्यात आहे. बसल्याजागी माणसाच्या टाचा उचलतात, मग त्याची इच्छा असो वा नसो.

हा ठेका जन्मला जमैका बेटावर, किंग्स्टन शहरात, १९५०-६० या दशकाच्या अखेरीस. तेथील गरीब वस्त्यांत भलेमोठे कर्णे लावून अमेरिकन तबकड्यांवर नाच चालत. त्यांतूनच तेथल्या वादकांनी आपली स्वतःची चाल काढली. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला, तेव्हा त्या उत्सवाला हेच संगीत होते. १९६४ मध्ये 'स्कॅटलाइट्स' हा नामांकित वाद्यवृंद निघाला. त्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकुक यांच्यासारखे वादक 'अल्फा बॉइज स्कूल'मध्ये शिकलेले. ही जोगिणींनी चालवलेली, गरिबाघरच्या मुलांची शाळा. पोटापाण्याच्या इतर कामांबरोबर तेथे मुलांच्या हाती ट्रंपेट-ट्रॉम्बोनही दिले जात.

हे कळल्यावर मला आपले गोव्याचे वादक आठवले. तेही गावच्या चर्चच्या शाळांत सूर वाचायला शिकले आणि पोटासाठी मुंबईला आले. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा बाज परका वाटू नये. मीही तारुण्यात त्यावर मान डोलावली होतीच की!

जमैकातून कामाच्या शोधात इंग्लंडला गेलेल्या माणसांबरोबर हा ठेकाही गेला. १९७९ च्या सुमारास कोव्हेंट्री या कारखान्यांच्या गावी 'स्पेशल्स' या वाद्यवृंदात काळ्या-गोऱ्या पोरांनी एकत्र उभे राहून तो वाजवला. दिवस बेकारीचे आणि वर्णद्वेषाच्या मारामारीचे होते. पुढे अमेरिकेतील तरुणांनी त्यात 'पंक' मिसळले. पंक म्हणजे मोजके सूर, भरधाव वेग आणि मनातला संताप. आमच्या मोटारीतले ते वऱ्हाड याच जातीचे: 'मायटी मायटी बॉसटोन्स'. शहराच्या नावावरूनच त्यांनी आपले नाव बेतलेले. चौकड्यांचे कपडे घालून वाजवणारी ही मंडळी १९८० नंतरच्या दशकात बॉस्टनमध्येच उदयाला आली. त्यांच्यात बेन कार नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचे मुख्य काम रंगमंचावर नाचणे, एवढेच! मला ही योजना फार आवडली. प्रत्येक कुटुंबात असा एक सभासद असायला हरकत नाही.

त्यांची 'लेट्स फेस इट' ही तबकडी १९९७ सालची. 'चला, तोंड देऊ या' असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. बारा गाणी, आणि सारा मामला पाऊण तासाच्या आत आटोपतो. मुलाने मला शब्द कागदावर उतरवून दिले, आणि ते वाचून मी चकित झालो. इतक्या उड्या मारणाऱ्या चालींवर हे लोक बोलतात तरी कशाबद्दल? एक गाणे अफूच्या कुळातल्या जीवघेण्या व्यसनावर. एक माणसामाणसांतल्या द्वेषावर. एक जेम्स मायकेल कर्ली या बॉस्टनच्या महापौरावर, जो पदावर असतानाच तुरुंगात गेला आणि तरीही लोकांचा लाडका राहिला.

सर्वांत गाजले ते 'द इम्प्रेशन दॅट आय गेट'. ते अमेरिकेत त्या वर्षी जिकडेतिकडे वाजले. चाल अशी की मेलेला उठून नाचेल, आणि अर्थ? गाणारा म्हणतो की, माझ्यावर अजून खरे संकट आलेले नाही. इतरांवर आलेले मी पाहिले आहे. माझ्यावर आले तर मी उभा राहीन की पळेन, हे मला माहीत नाही. आणि तो लाकडाला हात लावतो. आपण मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतो, त्यातलाच हा प्रकार.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. कारण त्या गृहस्थाची परीक्षा व्हायची होती. माझी होऊन गेली होती. ही रुग्णालयात असताना मी काय केले? औषधे आणली, पावत्या फाडल्या, डॉक्टरांना गाठले, चहा आणला. धावपळ पुष्कळ केली. पण तिच्या उशाशी बसलो नाही. तिचा चेहरा पाहवत नसे, म्हणून कामे शोधून काढून मी बाहेर राहत असे. हात धरून बसली ती तिची धाकटी बहीण. लोक म्हणत, "भाऊंनी फार केलं हो!" आणि मी ते ऐकून घेत असे.

दुसऱ्या दिवशी मोटारीत मीच ते गाणे लावायला सांगितले. ते संपल्यावर मुलाला म्हटले, "मी बाहेरच बसून होतो रे."

तो म्हणाला, "आणि मी बारा हजार किलोमीटरांवर होतो, बाबा."

पुढे कोणी काही बोलले नाही. त्याने गाणे पुन्हा लावले, आणि माझ्या लक्षात आले की माझी टाच 'आणि'वर आपटते आहे. डोळे वाहत होते आणि पाय ठेका धरत होता. दोन्ही एकाच वेळी होऊ शकते, हे मला त्या वयात प्रथमच कळले. हे गाणे दुःख नाही असे सांगत नाही. ते फक्त माणसाला त्याच्यासकट उभे करते. मुलाला तेवढाच आधार पुरला होता.

तो वाद्यवृंद २०२२ मध्ये मोडला. तबकडी माझ्याजवळ आहे. दिवाळीत हिच्या तसबिरीपुढे पणती लावून झाली की मी ती लावतो. पहिल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी दारातून डोकावून विचारले, "भाऊ, बँड कोणाकडे आलाय हो?"

म्हटले, "आमच्याकडेच. या ना, फराळाला बसा."