रबराच्या बेचक्यात पावसाआधी बोर्डो मलम लावा



दोडामार्ग-सावंतवाडीकडे डोंगरउतारावर आपल्यापैकी काहींनी रबर लावले आहे. जमिनीपासून सव्वा मीटरवर बुंध्याचा घेर ५० सेंटिमीटर भरला की चीक काढता येतो. त्याला सहा-सात वर्षे लागतात आणि तोवर नुसता खर्चच असतो. नेमका याच काळात, तिसऱ्या ते सातव्या वर्षी, गुलाबी रोग झाडाला गाठतो. ‘आरआरआयआय १०५’ ही जात चिकाला उत्तम, पण या रोगाला फार लवकर बळी पडते.

रोग बुरशीचा आहे. खोडाला फांद्या फुटतात त्या बेचक्यात पावसाचे पाणी मुरते, साल वाळत नाही आणि बुरशी तेथेच धरते. प्रथम सालीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट-गुलाबी तंतू दिसतात व चीक ओघळतो. मग साल कुजून तडकते, वरची फांदी वाळते आणि खालून धुमारे फुटतात. ते धुमारे पाहून झाड जोमात आहे असे समजणारे मला दरसाल भेटतात! वर पाहावे, शेंडा वाळलेला असतो.

म्हणून मेअखेर, साल कोरडी असताना, प्रत्येक बेचक्याला बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात व एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरात वेगवेगळा भिजवावा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत. मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतून ढवळत राहावे. घासलेला लोखंडी खिळा त्यात बुडवून पाहावा. तांबूस पुट चढले तर चुना कमी आहे, आणखी घालावा. मलम त्याच दिवशी संपवावे.

एवढ्याने काम संपत नाही. जुलै ते नोव्हेंबर बेणणीला जाणाऱ्या घरच्या माणसांनी दर आठवड्याला मान वर करून बेचकी पाहावीत. तंतू दिसताच रोगट भागाच्या वर-खाली एक-एक फूट मलम फासावे. ते वाळल्यावर कुजकी साल खरवडून पुन्हा मलम द्यावे. आधी खरवडू नये. बुरशी आणखी पसरते. वाळलेली फांदी रोगट भागाच्या खालून कापून जाळावी व कापलेल्या जागी मलम लावावे.

पावसात हिरवी पाने गळतात तो रोग निराळा. सुपारीच्या कोळेरोगाची जातभाई बुरशी तो करते. त्यासाठी पावसाआधी पानांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे लागते.

चीक काढणे सुरू असलेल्या झाडांच्या बेचक्यात मात्र बोर्डो मलम वापरू नका. पावसाने तांबे ओघळून चिकात उतरते आणि रबराची प्रत बिघडते. तेथे तांबे नसलेले बुरशीनाशक सल्ल्याने घ्यावे. आणि बागेशेजारी काजू असेल तर त्याच्याही फांद्या पाहून ठेवा. ही बुरशी काजूवरही येते.