म्हाताऱ्या कुत्र्याचे डोळे

शहरांतल्या बिऱ्हाडांतून जीं कुत्रीं दिसतात तीं बहुधा लहान चणीचीं असतात. दोन-तीन खोल्यांत सांभाळण्यास सोईचीं म्हणून पॉमरेनियन, स्पिट्झ, पग, ल्हासा, शिट्झू अशा जाती आपण पसंत करतों. या लहान कुत्र्यांना मोठ्या कुत्र्यांपेक्षां आयुष्य अधिक. १२ ते १५ वर्षें तीं सहज जगतात. म्हणजेच मोठ्या कुत्र्याच्या वांट्याला जें म्हातारपण फारसें येत नाहीं, तें या छोट्यांना चांगलें चार-पांच वर्षें काढावें लागतें. आणि त्या काळांत घरच्या माणसांच्या नजरेंत प्रथम भरतात ते त्यांचे डोळे. कोणाच्या डोळ्यांत निळसर झांक येते, कोणाच्या डोळ्यांना सकाळीं चिपडें धरतात, कोणी एक डोळा मिटून कोपऱ्यांत बसतें. घरांतलें वडील मनुष्य पाहतें आणि म्हणतें, "वय झालें आतां त्याचें." हें वाक्य कधीं अगदीं खरें असतें आणि कधीं तें त्या मुक्या जिवाचा डोळा घालवतें. केव्हां खरें आणि केव्हां खोटें, हें ओळखावयाचें कसें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम निळसर झांकेविषयीं. डोळ्याच्या बाहुलीमागें एक भिंग असतें. त्याची घडण मोठी चमत्कारिक आहे. त्यावर जन्मभर नवे तंतु चढत राहतात. जुना मात्र एकहि गळून पडत नाहीं. बाहेर जावयास वाट नसल्यामुळें जुने तंतु मध्यभागीं दाबले जातात आणि तो गाभा घट्ट होतो. कुत्र्यानें सात-आठ वर्षें ओलांडलीं कीं हा घट्ट गाभा प्रकाश थोडा विखरूं लागतो व आपणांस बाहुली निळसर-राखी दिसते. हा बदल दोन्ही डोळ्यांत सारखा आणि फार सावकाश होतो. त्यानें दृष्टि फारशी बिघडत नाहीं. अगदीं जवळ पडलेला बिस्किटाचा तुकडा हुडकावयास जरा वेळ लागतो, इतकेंच. चाळिशी लागलेल्या माणसाचें जें होतें त्याच जातीचें हें आहे. फरक एवढाच कीं कुत्र्याला वर्तमानपत्र वाचावयाचें नसतें. याला औषध नाहीं आणि नको. बाजारांत मोतीबिंदु विरघळविणारे म्हणून कांहीं थेंब विकले जातात. ते अशा डोळ्यांत घालून गुण आल्याचें समाधान पुष्कळांना मिळतें, कारण जो डोळा पाहतच होता तो पुढेंहि पाहत राहतो.

खरा मोतीबिंदु निराळा. त्यांत भिंगच अपारदर्शक होतें आणि बाहुली पांढरी, कधीं मोत्यासारखी चकाकणारी दिसते. पशुवैद्य थेंब घालून बाहुली मोठी करतो आणि आंत उजेड टाकतो. वयाच्या निळसरपणांतून डोळ्याच्या तळाची चमक आरपार दिसते; मोतीबिंदूंत ती अडते. घरीं करून पाहण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. कुत्र्याला समोर बसवावें आणि त्याच्या डोळ्यांसमोरून कापसाचा एक बोळा वरून अलगद सोडावा. पाहणारें कुत्रें मान खालीं करून बोळ्याचा मागोवा घेतें. चेंडू टाकूं नये, त्याचा आवाज होतो. खाऊ टाकूं नये, त्याला वास असतो. आणि तोंडापुढें हात हालवूं नये, कारण हाताचा वारा मिशांना लागतो आणि आंधळें कुत्रेंहि दचकून मान मागें घेतें. दोन-तीनदां झाल्यावर कुत्र्याला या खेळाचा कंटाळा येतो, म्हणून पहिल्या वेळचाच निकाल खरा मानावा.

हीच परीक्षा मंद उजेडांतहि करावी. दिवसा बिनधोक हिंडणारें कुत्रें संध्याकाळीं जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकत असेल, तर दोष बहुधा भिंगांत नसून मागच्या दृष्टिपटलांत असतो. डॅक्सहुंड, पूडल अशा जातींत तो वंशपरंपरेनें येतो आणि त्यावर खात्रीचा उपाय नाहीं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं दृष्टिपटलाची विद्युत्-परीक्षा करतात ती याचसाठीं. पडदाच निकामी असेल तर खिडकी उघडून काय उपयोग? ही शस्त्रक्रिया आतां कुत्र्यांतहि माणसांप्रमाणेंच स्वनातीत ध्वनिलहरींनीं भिंग फोडून आणि शोषून घेऊन करतात. ती यशस्वी होते. पण पूर्ण भूल द्यावी लागते, खर्च मोठा येतो आणि पुढें कित्येक आठवडे दिवसांतून अनेक वेळां थेंब घालावे लागतात. जें कुत्रें डोळ्याला हातहि लावूं देत नाहीं त्याच्या बाबतींत हा शेवटचा मुद्दा पैशापेक्षां अधिक विचारांत घ्यावा, असें मला वाटतें.

मोतीबिंदु कांहीं आठवड्यांतच पिकला, तर मधुमेहाची शंका घ्यावी. रक्तांतील साखर भिंगांत शिरते, तेथें तिचें दुसऱ्या प्रकारच्या साखरेंत रूपांतर होतें, ती बाहेर पडूं शकत नाहीं आणि पाणी ओढून भिंग फुगवते. मधुमेही कुत्र्यांपैकीं बहुतेकांना वर्ष-दीड वर्षांत मोतीबिंदु होतो. कुत्रें पाणी फार पितें, लघवीला वारंवार जातें, भरपूर खाऊनहि वाळतें, हीं चिन्हें डोळ्याच्या आधींच दिसूं लागलेलीं असतात. तसेंच, कुत्रें एकाएकीं आंधळें झालें तर "म्हातारपण" म्हणून स्वस्थ बसूं नये. मूत्रपिंडाच्या विकारांत रक्तदाब वाढून दृष्टिपटल सुटतें, आणि लगेच उपचार झाले तर कधीं कधीं दृष्टि परतहि येते.

येथवर सांगितलें त्यांत वेदना जवळजवळ नाहीं. यापुढें सांगावयाचें तें वेदनेचें आहे. कुत्र्याच्या दुःखाविषयीं आपली एक ठाम समजूत असते कीं दुखलें तर तें ओरडेल. पाय दाराच्या फटींत सांपडला तर तें ओरडतेंच. परंतु डोळा दिवसेंदिवस ठणकत असला तर तें बहुधा गप्प होतें. तें अधिक झोपतें, घांस टाकून उठतें, डोळा बारीक करतें, सतरंजीवर तोंड घासतें, डोक्यावर हात ठेवूं गेलें तर मान फिरवतें. म्हाताऱ्या कुत्र्यांत हा शांतपणा वयाच्या खातीं जमा होतो आणि डोळा हातचा जातो.

या दुखण्यांत पहिलें नांव कांचबिंदूचें. डोळ्याच्या आंत एक द्रव सतत तयार होतो आणि तितकाच कडेच्या सूक्ष्म जाळींतून बाहेर जातो. जाळी बुजली कीं आंतील दाब चढतो. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यांत तो पाऱ्याच्या सुमारें १० ते २५ मिलिमीटर असतो. तो ४०-५० वर गेला म्हणजे दृष्टीची नस चेंगरली जाते आणि एक-दोन दिवसांत, कधीं कांहीं तासांतच, दृष्टि कायमची जाते. आणि घोटाळा असा कीं हा डोळाहि निळसरच दिसतो! दोन्ही निळे ओळखतां आले पाहिजेत. वयाचा निळा बाहुलीच्या आंत, दोन्ही डोळ्यांत, वर्षानुवर्षें हळूहळू येतो, आणि डोळ्याचा पांढरा भाग पांढराच राहतो. कांचबिंदूचा निळा वाफ धरलेल्या कांचेसारखा डोळ्याच्या दर्शनी पृष्ठभागावर, बहुधा एकाच डोळ्यांत, एका रात्रींत येतो. पांढरा भाग लाल होतो आणि बाहुली उजेडांतहि मोठीच राहते. पहिल्यासाठीं सवडीनें गेलें तरी चालतें. दुसऱ्यासाठीं उद्यां सकाळपर्यंतहि थांबूं नये. दाब मोजण्याचें यंत्र प्रत्येक दवाखान्यांत नसतें, म्हणून निघण्यापूर्वीं दूरध्वनीवरून तेवढें विचारून घ्यावें. आपल्याकडे पशुवैद्याला "गुरांचा डॉक्टर" म्हणण्याची रीत अजून गेलेली नाहीं. पण मुंबईस परळला पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, आणि कुत्र्यांच्या डोळ्यांचेच विशेष अभ्यास केलेले वैद्य आज मोठ्या शहरांतून भेटूं शकतात.

दुसरें दुखणें डोळ्याच्या पारदर्शक पटलावरील जखमेचें. पग, शिट्झू, ल्हासा यांचीं नाकें चपटीं आणि खोबण्या उथळ. डोळे पुढें आलेले. कित्येकांच्या पापण्या झोपेंतहि पुऱ्या मिटत नाहींत. धूळ, केंस, पलंगाचा कोपरा, कशानेंहि ओरखडा निघतो. पशुवैद्य नारिंगी रंगाचा एक थेंब घालतो; शाबूत पटलावर तो रंग टिकत नाहीं, जखम मात्र हिरवी होऊन दिसते. ही एका मिनिटाची परीक्षा झाल्यावांचून कोणतेहि थेंब घालूं नयेत, याचें कारण नीट समजून घेण्यासारखें आहे. घरांत कोणाचे तरी डोळे आले होते तेव्हांची अर्धी बाटली कपाटांत असते. तींत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. त्यानें लाली एका दिवसांत उतरते आणि सर्वांना बरें वाटतें. परंतु खालीं जखम असेल तर ती भरून येण्याचें थांबतें, पटल विरघळूं लागतें आणि डोळा फुटूंहि शकतो. गुलाबपाणी, मध, एरंडेल, काजळ यांनाहि येथें जागा नाहीं. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला मानगुटीची कातडी ताणून धरूंहि नये. डोळा खोबणीबाहेर येण्याचे प्रकार घडतात. तसें झालेंच तर स्वच्छ कापड सलाइननें भिजवून डोळ्यावर धरावें आणि तडक निघावें.

तिसरा विकार सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो, तो म्हणजे कोरडा डोळा. शरीराचीच संरक्षक शक्ति अश्रुपिंडांवर उलटते आणि अश्रु आटतात. गंमत अशी कीं कोरडा डोळा कोरडा दिसत नाहीं. त्यावर जाड, चिकट, पिवळट-हिरवट चिपडें येतात. घरचीं माणसें तीं रोज मायेनें पुसतात आणि पुसतां पुसतां वर्ष जातें. तोंवर पटलावर तपकिरी डाग चढून दृष्टि झांकली जाते. परीक्षा अगदीं सोपी आहे. कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणींत एक मिनिट अडकवितात. ओल १५ मिलिमीटर किंवा अधिक चढली तर ठीक. १० च्या खालीं राहिली तर डोळा कोरडा. यावर सायक्लोस्पोरीनचें मलम आहे. अवयवरोपणांत वापरलें जाणारें हें औषध कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर चालतें, हें १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील जॉर्जिया विद्यापीठांतील पशुनेत्रवैद्य रेनी कॅस्वान यांनीं दाखविलें, आणि तेथूनच तें माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठीं आलें. अमेरिकेंत त्यास २००२ सालीं मान्यता मिळाली. एरव्हीं माणसांचीं औषधें कुत्र्यांकडे जातात. येथें उलट झालें. मलमाचा गुण दिसावयास कांहीं आठवडे लागतात आणि तें जन्मभर घालावें लागतें. आठ दिवसांत फरक नाहीं म्हणून सोडणारीं माणसें फार. पांढऱ्या स्पिट्झच्या डोळ्यांखालीं जे तांबूस ओघळ दिसतात, ते मात्र अश्रूंतील रंगद्रव्याचे असतात. डोळा स्वच्छ आणि उघडा असेल तर त्यांची धास्ती नको.

थेंब घालण्याचीहि एक रीत आहे. समोरून बाटली घेऊन गेलें कीं कुत्रें पळतें. त्याला टेबलावर, पाठ आपल्या छातीकडे करून बसवावें, हनुवटी वर उचलावी आणि मागून, वरच्या बाजूनें थेंब सोडावा. बाटलीचें टोक डोळ्याला लागूं देऊं नये. दोन औषधांत पांच मिनिटांचें अंतर ठेवावें, मलम शेवटीं. पुसण्यास उकळून निववलेलें पाणी आणि प्रत्येक डोळ्याला निराळा बोळा.

आणि एवढें करूनहि दृष्टि गेली तर? कुत्र्याचें जग मुळांत नाकाचें आणि कानांचें आहे. हळूहळू आंधळें होणारें कुत्रें घरांत इतकें सफाईनें वावरतें कीं कित्येक कुटुंबांना तें आंधळें आहे हें बिऱ्हाड बदलल्यावर, नव्या जागेंत तें भिंतीवर आपटूं लागलें म्हणजेच कळतें. म्हणून पलंग, खुर्च्या जेथल्या तेथें असाव्या. पाण्याचें भांडें हलवूं नये. जिन्याच्या तोंडाशीं आणि गॅलरीला आडोसा करावा. उंबऱ्यापाशीं खरखरीत पायपुसणें ठेवावें, म्हणजे पंजाला खूण पटते. स्पर्श करण्यापूर्वीं नांव घेऊन हांक मारावी, विशेषतः मुलांनीं. अवचित हात लागला तर गरीब कुत्रेंहि चावतें. आणि त्याला उचलून न्यावेंच लागलें, तर खालीं ठेवतांना पाण्याच्या भांड्यापाशीं किंवा अंथरुणापाशीं ठेवावें, म्हणजे आपण कोठें आहों तें त्याला वासानें कळतें आणि तेथून तें आपली वाट आपणच धरतें.