संकटाची हाक आणि ती ऐकणारे

घरांत कोणी एकाएकीं बेशुद्ध पडलें, वाटेंत मोटारसायकल घसरून कोणाचें डोकें फुटलें, किंवा कडब्याच्या गंजीस आग लागली, तर हल्लीं आपण खिशांतील मोबाईल काढतों आणि तीन आंकडे दाबतों. १०८ दाबले म्हणजे रुग्णवाहिका येते व ११२ दाबले म्हणजे पोलीस येतात, हें पांचवींतील मुलासहि ठाऊक आहे. परंतु आंकडे दाबणें आणि गाडी दारांत उभी राहणें या दोहोंच्या मध्यें एक मनुष्य बसलेला असतो, त्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो कोठें बसतो, किती तास बसतो, काय करतो व त्यास काय मिळतें, या प्रश्नांचीं उत्तरें देण्याचा आम्ही येथें यत्न करणार आहों. विषय दूरचा वाटेल. पण अक्कलकोटसारख्या सरहद्दीवरील तालुक्यास तो इतरांहून अधिक जवळचा आहे, असें वाचकांस पुढें दिसून येईल.

अशा नंबराची कल्पना फार जुनी नाहीं. लंडन शहरीं १९३५ च्या नोव्हेंबरांत विंपोल स्ट्रीटवरील एका घरास आग लागून पांच स्त्रिया दगावल्या. एका शेजाऱ्यानें टेलिफोन करून पाहिला, परंतु इतर ग्राहकांबरोबर त्याचीहि हाक रांगेंत अडकून राहिली. पुढें चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजीं तेथें ९९९ हा नंबर सुरू झाला. तो कोणीं फिरविला कीं एक्स्चेंजांत लाल दिवा लागे व भोंगा वाजे, आणि टेलिफोनवरील मुली हातांतलें काम टाकून तिकडे वळत. म्हणजे यंत्रानें हाक रांगेंतून पुढें काढली, इतकेंच. ऐकण्याचें काम माणसाकडेच राहिलें व आजहि तें माणसाकडेच आहे. आपल्या देशांत १०८ ची सुरुवात १५ ऑगस्ट २००५ रोजीं हैदराबादेस झाली. महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ सालीं ९३७ रुग्णवाहिकांनिशीं चालू झाली, आणि पोलीस, आग, रुग्ण या सर्वांसाठीं एकच असलेला ११२ हा नंबर २०२१ पासून आला.

आतां अक्कलकोटहून निघालेली हाक कोठें जाते तें पाहूं. १०८ ची हाक सोलापुरास जात नाहीं. ती पुण्याच्या केंद्रांत जाते. ११२ ची हाक नवी मुंबईच्या अथवा नागपूरच्या केंद्रांत घेतली जाते, तेथून ती सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या नियंत्रण कक्षाकडे येते, आणि तेथील पोलीस कर्मचारी जवळची गाडी पाहून तिला निरोप देतो. ज्याला आपण पहिली हाक मारतों त्यानें बहुधा मैंदर्गी पाहिलेली नसते, दुधनीचा बाजार पाहिलेला नसतो, व वागदरी कोणत्या दिशेस आहे हें त्यास नकाशावरूनच कळावयाचें असतें. हाक मारणारा तर घाबरलेला असतो. तो म्हणतो, “जेऊरला या, लवकर या!” आणि ठेवून देतो. आतां जेऊर हें गांव आमच्या तालुक्यांत आहे, तसें तें करमाळा तालुक्यांतहि आहे. दोन्हीं गांवें एकाच सोलापूर जिल्ह्यांत. एक जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, दुसरें वायव्य टोकास. शिवाय अहिल्यानगर जिल्ह्यांतहि एक जेऊर आहेच. हुशार मोबाईल असेल तर त्याची जागा केंद्रांतील पडद्यावर बरीचशी उमटते. पण साधा बटनांचा फोन असेल तर तो कोणत्या मनोऱ्याशीं जोडला आहे एवढेंच कळतें, आणि खेड्यांतील एका मनोऱ्याखालीं कित्येक वाड्यावस्त्या असतात.

त्यांतच भाषेचा प्रश्न. आमच्या तालुक्यांत कित्येक घरीं चुलीपाशीं कानडी बोलतात, शाळेंत मराठी, आणि बाजारांत दोन्ही. माणूस सुखांत असतां परकी भाषा बोलूं शकतो. संकटांत त्याच्या तोंडून आईचीच भाषा निघते. सरहद्दीलगतच्या शिवारांत तर आणखी एक गंमत, म्हणजे खरें पाहतां गंमत नव्हे: मोबाईल पलीकडच्या मनोऱ्यास चिकटला तर हाक कर्नाटकाच्या केंद्रांत जाऊं शकते. मग तेथील मनुष्यानें ती समजून घेऊन इकडे वळवावी लागते. हें सारें काम ज्यास दहा वर्षांचा सराव आहे त्याचें वेगळें, व ज्यास दहा दिवस झाले आहेत त्याचें वेगळें, हें सांगावयास नकोच.

कोणी म्हणेल, यांत एवढें कौशल्य तें काय? नांव-गांव विचारावें आणि गाडी पाठवावी! पण तसें नाहीं. अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी येथें डॉ. जेफ क्लॉसन यांनीं १९७९ च्या सुमारास या कामासाठीं प्रश्नांचीं कार्डें तयार केलीं. छातींत दुखतें असें म्हणणाऱ्यास पुढें काय विचारावें, मूल श्वास घेत नाहीं असें आई सांगते तेव्हां तिला कोणतें पहिलें वाक्य बोलावें, हें त्यांत क्रमवार दिलेलें होतें. पुढें जगांत ठिकठिकाणीं ही रीत पसरली. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटास १०० ते १२० वेळां, सुमारें पांच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. गाडी वाटेवर असतां तें काम घरच्या माणसाकडून, केवळ शब्दांनीं, करवून घेणें हें या ऐकणाऱ्याचें काम असतें. मेंदूस रक्त मिळेनासें झालें कीं चार-पांच मिनिटांतच त्याची हानि सुरू होते. सोलापूर ते अक्कलकोट हें अंतर जवळजवळ चाळीस किलोमीटरांचें आहे. तेव्हां पहिलीं मिनिटें कोणाच्या हातीं असतात तें वाचकांनींच पाहावें.

अशा कामाचें मोल कसें करावें? याचें उत्तर शोधण्यास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. सोलापूर येथें मध्य रेल्वेच्या विभागाचें कंट्रोल ऑफिस आहे. अक्कलकोट रोड, दुधनी इत्यादि स्टेशनांवरून जाणाऱ्या गाड्या तेथील विभाग-नियंत्रक डोळ्यांनीं पाहत नाहीं. तो कानाशीं टेलिफोन व पुढें पडदा ठेवून बसतो, आणि कोणती गाडी सोडावी, कोणती बाजूस उभी करावी, हें क्षणांत ठरवितो. १९८९ च्या रेल्वे कायद्यांत नोकरांच्या कामाचे वर्ग पाडलेले आहेत. जें काम श्रमाचें असून ज्यांत चित्त सतत एकाग्र ठेवावें लागतें व विसावा जवळजवळ मिळत नाहीं, त्यास कायदा ‘इंटेन्सिव्ह’, म्हणजे अतिश्रमाचें, म्हणतो. अशा कामावर आठवड्यास सरासरीनें ४५ तासांहून अधिक कोणास ठेवतां येत नाहीं. नेहमींच्या सलग कामास हीच मर्यादा ५४ तासांची आहे. विभाग-नियंत्रकाचें काम अतिश्रमाच्या वर्गांत मोडतें आणि त्याची पाळी सहा तासांची असते. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंतच्या कामास, ठराविक वेतनमर्यादेपर्यंत, दर तासामागें दहा मिनिटें जादा धरून भत्ता मिळतो. २०२५ सालच्या भरतीच्या जाहिरातींत या जागेचें आरंभीचें वेतन ३५,४०० रुपये छापलें होतें, वर महागाई भत्ता वेगळा.

आतां कायद्याची तीच व्याख्या १०८ वर बसणाऱ्यास लावून पाहावी. चित्त एकाग्र ठेवावें लागतें काय? विसावा मिळतो काय? एक हाक संपली कीं दुसरी कानांत वाजते. पहिलींत बाळंतीण असते, दुसरींत विहिरींत पडलेलें मूल. आमच्या मतें तर रेल्वेच्या नियंत्रकापेक्षां हें काम तिळभरहि हलकें नाहीं. परंतु त्यास अतिश्रमाचा वर्ग नाहीं कीं सहा तासांची पाळी नाहीं. सर्वसाधारण कायद्याची आठवड्यास ४८ तासांची मर्यादा, व त्यापुढील जादा कामास दुप्पट दर, एवढाच त्याचा आधार. रात्रपाळीस निराळा दर द्यावा अशी सक्तीहि खाजगी नोकरींत नाहीं. विलायतेंत सरकारी आरोग्यसेवेच्या वेतनकरारांत चौथ्या व वरच्या श्रेणीच्या नोकरांस रात्रीच्या तासांबद्दल ३० टक्के व रविवारच्या तासांबद्दल ६० टक्के जादा देण्याचा नियमच लिहिलेला आहे. जुन्या सोलापुरांत गिरणीचा भोंगा झाला म्हणजे पाळी सुटली हें साऱ्या गांवास कळे. ऐकणाऱ्याची पाळी मात्र हातांतली हाक संपल्याखेरीज सुटत नाहीं.

वेतनाची गोष्ट समजण्यास कंत्राटाची रीत समजली पाहिजे. शासन ही सेवा चालविण्याचें काम कंत्राटानें देतें. कंत्राटदार माणसें नेमतो. म्हणून ऐकणारा लोकांचें काम करतो, शासनाच्या नांवानें बोलतो, पण त्याचा धनी तिसराच असतो. समान कामास समान वेतन हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें २६ ऑक्टोबर २०१६ च्या निकालांत तात्पुरत्या सरकारी नोकरांस लागू केलें. परंतु मध्यें कंत्राटदार उभा असला म्हणजे त्या तत्त्वाचा हात सहजासहजीं पोंचत नाहीं. कंत्राटाची मुदत संपली, नवा कंत्राटदार आला, तर जुन्याच खुर्चीवर बसणारा पुन्हां नवा नोकर ठरण्याचें भय असतें, आणि वाढीची पायरी खालून मोजण्याची पाळी येते.

पालकवर्गापैकीं अनेकांचीं मुलें पुण्यामुंबईकडे अशा केंद्रांत नोकरीस लागतात. त्यांच्यासाठीं थोडा हिशेब मांडतों. हा आंकडा आम्ही कोणा एका कंत्राटाचा म्हणून घेतलेला नाहीं, गणित समजावें इतक्यापुरताच आहे. समजा, महिन्याचें वेतन १५,००० रुपये ठरलें. त्यांतून भविष्यनिर्वाह निधि १२ टक्क्यांनीं १,८०० रुपये जातो. राज्य विमा योजनेचा हप्ता पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये. मुलगा असेल तर व्यवसाय कर २०० रुपये; मुलीस २५,००० रुपयांपर्यंत तो एप्रिल २०२३ पासून माफ आहे. राहिले १२,८८७ रुपये. सव्वीस दिवस, दररोज आठ तास धरले तर तासाचे बासष्ट रुपये पडतात. यांतून परगांवचें खोलीभाडें, खाणावळ आणि रात्रीं परतण्याचें वाहन भागवावयाचें असतें. जाहिरातींत पुष्कळदां मालकानें भरावयाचा निधीचा हिस्साहि वेतनांत मिसळून मोठा आंकडा छापतात. तेव्हां नेमणुकीचा कागद हातीं पडल्यावर ‘हातांत किती येणार’ हें निराळें विचारून घ्यावें. विम्याचा हप्ता कापला जात असेल तर विमा क्रमांक मागून घ्यावा, कारण २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यास व त्याच्या कुटुंबास त्या योजनेच्या रुग्णालयांत औषधोपचार मिळतो. इतरांसाठीं रुग्णवाहिका धाडणाऱ्यानें स्वतःच्या आजारपणास उसनवारी करावी, हें बरें नव्हे.

पैशाखेरीज आणखी एक भार आहे, तो पगारपत्रकांत दिसत नाहीं. गाडीवरील डॉक्टरास रोगी दिसतो. तो वांचला तर समाधान, गेला तर निदान आपण हात लावला हें तरी कळतें. ऐकणाऱ्यास शेवट कळतच नाहीं. आईचा आक्रोश ऐकूं येतो, गाडी पोंचते, फोन बंद होतो, आणि पुढची हाक येते. अमेरिकेंत नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१२ सालीं अशा ऐकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घटनास्थळीं पाऊलहि न टाकतां, केवळ ऐकूनच त्यांच्या मनावर आघाताच्या खुणा उमटतात, असें त्यांत दिसून आलें. तरीहि त्या देशाच्या २०१८ च्या सरकारी वर्गीकरणांत पोलीस व अग्निशामक हे संरक्षण करणाऱ्यांच्या वर्गांत आहेत, आणि त्यांना पाठविणारा हा मनुष्य कचेरींतील कारकुनांच्या वर्गांत! तो वर्ग बदलावा म्हणून तेथें कायद्याचा खर्डा मांडला गेला आहे. वर्गाचें नांव ही क्षुल्लक बाब वाटेल. पण सेवानिवृत्तीचें वय, जोखमीचा भत्ता, मानसोपचाराची सोय, हें सारें त्या नांवामागून येतें.

वेतन थोडें, रात्र मोठी, आणि उद्याची खात्री नाहीं, असें असलें म्हणजे शिकलेला माणूस टिकत नाहीं. बरा अनुभव पदरीं पडला कीं तो बँकेच्या अथवा विम्याच्या केंद्रांत जातो. तेथें रडणें ऐकावें लागत नाहीं. त्याच्या खुर्चीवर नवा येतो. जुन्यानें एखाद्या वर्षांत शिकलेलें असतें कीं जेऊर ऐकतांच तालुका विचारावा, कानडी ऐकतांच शेजारच्या मेजावरील अमुक बाईंस बोलवावें, गुरुपौर्णिमेस स्वामींच्या दर्शनासाठीं अक्कलकोटच्या वाटेवर गर्दी असते हें ध्यानीं धरावें. हें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत नसतें व तें त्याच्याबरोबरच निघून जातें. तोटा पुण्याचा होत नाहीं, मैंदर्गीच्या रोग्याचा होतो.

याच संबंधांत विद्यार्थ्यांस एक स्पष्ट शब्द सांगणें भाग आहे. गंमत म्हणून या नंबरांवर फोन करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांत शाळकरी मुलेंहि असतात. मोबाईलला कुलूप असलें तरी ११२ लागतो, म्हणून लहान भावंडाच्या हातून तो चुकून लागतो. असें झाल्यास घाबरून ठेवून देऊं नये. उत्तर न देतां ठेवला तर पलीकडच्यास परत फोन करावा लागतो. “चुकून लागला, आम्ही सुखरूप आहों,” एवढें बोलावें. त्याचीं चार मिनिटें वांचतात.

आणि खरीच वेळ आली तर प्रथम दुखणें सांगूं नये, ठिकाण सांगावें. कारण बोलणें मध्येंच तुटलें तरी गाडी निघूं शकते. जिल्हा, तालुका, गांव, मग वस्ती, आणि शेवटीं डोळ्यांना दिसणारी खूण: देऊळ, मशीद, पाण्याची टाकी, साखर कारखान्याची वाट, विजेच्या खांबावरील क्रमांक. मराठी नीट येत नसेल तर पहिल्याच वाक्यांत “कानडी” असें म्हणावें. त्यानें विचारलेल्या प्रश्नांवर चिडूं नये. तो विचारीत असतां गाडी बहुधा निघालेली असते. तो “ठेवा” म्हणेपर्यंत फोन ठेवूं नये. घरांतील एकानें कंदील किंवा बॅटरी घेऊन रस्त्यावर उभें राहावें. आमच्या पांचवी-सहावीच्या मुलांनीं आपल्या घरचा पत्ता या क्रमानें एका कागदावर लिहून भिंतीवर लावावा, आणि जेऊरच्या मुलांनीं गांवाच्या नांवाआधीं “तालुका अक्कलकोट” हे शब्द ठळक लिहावेत.