मावळातील जमिनीचे दप्तर आणि माहितीचा अधिकार

वार्ताहराने गावी जावे, चार माणसांशी बोलावे आणि वृत्त लिहावे, ही वार्तांकनाची रूढ कल्पना मावळ तालुक्यात अपुरी पडते. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग लोणावळ्यावरून व तळेगावाजवळून गेला आणि भातखाचरांना निराळेच मोल आले. तेव्हापासून तेथील महत्त्वाची घडामोड चावडीवर क्वचितच ऐकू येते. ती दप्तरात घडते.

एका जमिनीच्या खुणा दोन कचेऱ्यांत उमटतात. दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवितो. विक्रेत्याच्या मालकीचा निवाडा करणे हे सामान्यतः त्याचे काम नव्हे. पुढे तलाठी फेरफाराची नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि ७/१२ वरील नाव पालटते. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ अन्वये बिगर-शेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणून खत, फेरफार आणि परवानगी ही तिन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतात. त्यांतील विसंगती हेच वृत्ताचे बीज होय. पत्रविद्येच्या वर्गात अग्रलेखास मिळणाऱ्या वेळाचा काही अंश तरी या वाचनास मिळावयास हवा.

नोंदणीकृत खताची नक्कल शुल्क भरून पूर्वीही मिळत असे. माहितीच्या अधिकाराने दिले ते परवानगीमागील टिप्पणी, पत्रव्यवहार व चौकशी-अहवाल. १२ ऑक्टोबर २००५ रोजी अंमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने त्यासाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत घातली.

या साधनाचा मावळात चिकाटीने उपयोग केला तो तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी या कार्यकर्त्याने. तालुक्यातील जमीन-व्यवहारांविषयी त्यांनी कागदपत्रे मिळवून तक्रारी केल्या. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांचा खून झाला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २०१४ मध्ये त्या विभागाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयास सादर केला.

येथे कायद्याच्या रचनेतील एक उणीव ध्यानात येते. कलम ६ प्रमाणे अर्जदारास कारण सांगावे लागत नाही. संपर्कापुरता तपशील मात्र द्यावाच लागतो. कचेरीस, आणि तिच्याद्वारे इतरांसही, विचारणारा कोण हे कळते. केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये ठराव केला, की अर्जदारावर हल्ला वा त्याचा खून झाल्याची तक्रार आल्यास त्याचे प्रलंबित अर्ज तपासून मागितलेली माहिती संबंधित खात्यास आपण होऊन प्रसिद्ध करावयास सांगावी. उपाय योग्य खरा, पण तो आघातानंतरचा. मूळ तरतूद कलम ४ मध्येच आहे: कचेरीने न मागता माहिती प्रकट करावी. पुणे महानगरपालिकेने सोमवारी दुपारी संचिका पाहू देण्याची प्रथा पाडली. २०१८ मध्ये राज्य शासनाने तशीच सोय इतर स्थानिक कार्यालयांतही करण्याचा आदेश काढला.

७/१२ आता संगणकावर कोणासही पाहता येतो. परवानगीच्या संचिकेची नक्कल हवी असल्यास मात्र बहुधा अर्जच करावा लागतो, आणि त्या अर्जावर मागणाऱ्याचे नाव व पत्ता असतो.