सीमाशुल्क संघ आणि आपली निर्यातक्षम द्राक्षे

नाशिक भागातील द्राक्षांचे अनेक कंटेनर नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरतात. तेथे आयात शुल्क भरून माल सुटला की तोच माल पुढे जर्मनी किंवा पोलंडला जाताना पुन्हा शुल्क भरावे लागत नाही. कारण हे सर्व देश एकाच सीमाशुल्क संघात आहेत. ही व्यवस्था बागायतदारांनी समजून घेणे हिताचे आहे.

संघ म्हणजे काय?

काही देश आपसातील मालावरचे शुल्क काढून टाकतात आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्व मिळून एकच दर लावतात, तेव्हा सीमाशुल्क संघ तयार होतो. साध्या मुक्त व्यापार करारात बाहेरच्या मालावरील दर प्रत्येक देशाचा वेगळा राहतो. त्यामुळे माल मूळचा कोठला, याचा दाखला सीमेवर तपासावा लागतो. संघात ही गरज उरत नाही.

जर्मन राज्यांनी १ जानेवारी १८३४ रोजी असा संघ सुरू केला. जमा झालेले शुल्क राज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जाई. युरोपीय आर्थिक समुदायाच्या सहा देशांचा संघ १ जुलै १९६८ रोजी पूर्ण झाला. आपल्याकडे मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाली, त्यामागेही हाच विचार होता.

फायदे

१) नाके कमी झाल्याने वेळ व कागदपत्रांचा खर्च वाचतो. नाशवंत मालाला हे विशेष महत्त्वाचे आहे.

२) बाजारपेठ मोठी होते. एका देशात आवक वाढून भाव पडला तर माल शेजारच्या देशात वळविता येतो.

३) ज्याचा उत्पादन खर्च कमी, त्याचा माल खपतो व ग्राहकालाही स्वस्त मिळतो.

दुसरी बाजू

अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५० साली दाखवून दिले की, संघामुळे नवा व्यापार निर्माण होतो, तसाच बाहेरच्या स्वस्त उत्पादकाचा व्यापार आतल्या महाग उत्पादकाकडे वळूही शकतो. न्यूझीलंडच्या लोण्याला ब्रिटनची हक्काची बाजारपेठ होती. १९७३ साली ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि त्या लोण्यावर कोट्याचे बंधन आले. म्हणजे आपसातील भिंती पाडताना बाहेरची भिंतही ठेंगणी ठेवली, तरच संघाचा खरा लाभ होतो.

बागायतदारांनी काय लक्षात ठेवावे?

युरोपीय संघात कीडनाशकांच्या उर्वरित अंशाची मर्यादाही १ सप्टेंबर २००८ पासून सर्व देशांत एकच आहे. एका दारातून प्रवेश मिळाला की सर्व बाजार खुले होतात. मात्र तेथेच माल नापास झाला तर सर्व बाजार एकदम बंद होतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश आढळल्याने आपल्या द्राक्ष उत्पादकांना याचा मोठा फटका बसला.

ग्रेट ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून या संघाबाहेर आहे. तेथील शुल्क व अंश मर्यादा स्वतंत्र आहेत. रॉटरडॅमला शुल्क भरून सुटलेला माल तेथे नेल्यास सीमाशुल्काची प्रक्रिया पुन्हा करावी लागते. म्हणून माल शेवटी कोणत्या देशात जाणार, हे निर्यातदाराकडून हंगामापूर्वीच विचारून घ्यावे व त्याप्रमाणे फवारणीचे वेळापत्रक आखावे. फवारणीच्या नोंदी तारखेसह ठेवाव्यात आणि भाव ठरविताना शुल्काचा बोजा कोणाकडे, हे लेखी घ्यावे.